आतडीबाईची फुलदाणी

कारखान्यात तिला सगळे आतडीबाई म्हणत आणि ती खुशाल ओ देई. नवी आली तेव्हा तिला आतड्यांच्या टेबलावर बसवलं होतं. फायबरची ती लांबलचक वेटोळी रंगवायचं काम कुणालाच नको असायचं, कारण खाचांत ब्रश शिरत नाही आणि बाहेरून रंग ओघळतो. हिनं ब्रशाचे केस कापून आखूड केले, त्याच्या मानेला वाकडी तार बांधली आणि आठवड्याभरात टेबल रिकामं करून विचारलं, "पुढचं काय?" तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच. पुढं ती हृदयं रंगवायला लागली, मग कान, मग डोळे, आणि शेवटी सगळ्या रंगकामाची प्रमुख झाली, तरी आतड्यांनी काही तिची पाठ सोडली नाही.

कारखाना होता शाळा-कॉलेजांसाठी शरीराचे नमुने बनवण्याचा. लांबलचक खोली, एका बाजूला उंच खिडक्या, रेझिनचा नाकात बसणारा वास. एका फळीवर डोळे वाळत ठेवलेले, दुसरीवर कान, तारेवर ओळीनं लटकवलेली मूत्रपिंडं, आणि त्यांच्याखाली बसून माणसं निवांत डबे खात. बाहेरून कुणी आलं की बिचकायचं. आतल्यांना मात्र बिनमुंडक्याच्या धडाशेजारी चहाचा कप ठेवताना काही वाटत नसे.

आतडीबाई बारावीच्या पुढं शिकली नव्हती, पण तिचा तोरा पाहिला असता तर कुणालाही वाटलं असतं की शरीर हिनंच घडवून दिलंय. घरात कुणाच्या पोटात दुखलं की ही विचारायची, "कुठं? वर की खाली? उजवीकडं? मग ते यकृताच्या शेजारचं असणार." नवरा शाळेची बस चालवायचा. तो म्हणायचा, "अगं, डॉक्टरला विचारू या." त्यावर उत्तर ठरलेलं. "डॉक्टरनं शरीर पुस्तकात पाहिलंय. मी रोज हातात घेते."

आता फुलदाणीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. बाईच्या ओटीपोटाचा एक नमुना होता. हाडांचं पसरट भांडं, पुढं मूत्राशय, मागं गुदाशय, आणि मधोमध गर्भाशय. गर्भाशय उचलून बाहेर काढता यायचं. दोन बाजूंना दोन नलिका आणि त्यांच्या टोकाशी बदामाएवढी पांढुरकी अंडाशयं, असा तो सगळा तुकडा एकदम हातात यायचा. दोन कानांची फुलदाणी असावी तसा दिसायचा. कारखान्यातल्या बाप्यांना 'गर्भाशय' म्हणायची लाज वाटे. फुफ्फुस म्हणतील, गुदद्वारसुद्धा म्हणतील, पण हे म्हणायची वेळ आली की खाली बघायला लागत. मग साचेकाकांनी तोडगा काढला. साचेकाका म्हणजे साचे बनवणारे, कारखान्यातले सर्वांत जुने, बोटं कायम प्लास्टरनं पांढरी. ते ओरडायचे, "आज फुलदाण्या काढायच्यात रे!" पहिल्यांदा आतडीबाई त्यांच्यावर खेकसली. "काका, तुम्ही जिथून आलात तिला नावानं हाक मारायला काय होतं?" पण सवय वाईट. वर्षभरात तीही फुलदाणीच म्हणायला लागली.

तर हिची स्वतःची फुलदाणी बिघडली तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती.

पाळी तशी आयुष्यभर शहाण्यासारखी वागलेली. दोन बाळंतपणं झाली तरी तिनं कधी त्रास दिला नव्हता. आणि आता एकदम नळ फुटल्यासारखं. आठ-आठ दिवस थांबायचं नाव नाही, गाठीच्या गाठी पडायच्या. कामाच्या स्टुलावर तिनं प्लास्टिक अंथरलं, काळा अॅप्रन शिवून घेतला, आणि दर तासाला उठून जायला लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, "पाणी जास्त पिते हल्ली." बायकांना हे खोटं बोलायला कोण शिकवतं कोण जाणे, पण पाठ सगळ्यांचंच असतं. दिवसभर दुसऱ्यांसाठी गर्भाशयं रंगवणारी ही बाई स्वतःच्या गर्भाशयाबद्दल मात्र पाण्यावर ढकलून मोकळी!

ढकललेलं फार दिवस लपलं नाही. एकदा ती डोळा रंगवत होती. डोळ्याच्या पांढऱ्यावरच्या बारीक लाल शिरा हे तिचं खास काम. एका केसाच्या ब्रशानं, श्वास रोखून, ती त्या अशा काढायची की डोळा आत्ताच रडून थांबलाय असं वाटावं. त्या दिवशी ब्रश टेकवला आणि शीर वाकडीतिकडी गेली. पुसली, पुन्हा काढली, पुन्हा हलली. हात थरथरत होता. तिनं डोळा खाली ठेवला आणि स्वतःच्या नखांकडं पाहिलं. ती कागदासारखी पांढरी पडली होती.

"हात गेला म्हणजे मी गेले," ती घरी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडं गेली.

डॉक्टरीणबाई तिच्यापेक्षा लहान, बोलायला भरभर, केस वर करकचून बांधलेले. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. गर्भाशयात गाठी होत्या, एक नाही, चांगल्या पाच-सहा, आणि त्यातल्या दोन आतल्या अस्तराला फुगवून बसलेल्या. कॅन्सरच्या नव्हत्या. रक्त मात्र फारच उतरलेलं. लोहाची सलाइनं झाली, गोळ्या झाल्या, काही महिने वाट पाहून झाली. गोळ्या चालू असेपर्यंत जरा बरं, सोडल्या की पुन्हा तेच.

"दोन रस्ते आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नुसत्या गाठी काढता येतात. पण तुमच्या बऱ्याच आहेत, पुन्हा होऊ शकतात. नाहीतर गर्भाशय काढायचं. घाई नाही, जबरदस्ती तर नाहीच. विचार करा, मनात असेल ते विचारा."

एरवी कुणाचं बोलणं पुरं होऊ न देणारी आतडीबाई त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकत राहिली. "बरं" म्हणून उठली. कारण 'गर्भाशय काढायचं' म्हटल्याबरोबर तिच्या डोळ्यांपुढं तिची ताई उभी राहिली.

ताई, म्हणजे थोरली बहीण, शिवणाचं दुकान चालवायची. एकोणचाळिसाव्या वर्षी तिची 'पिशवी काढली'. घरात सगळे असंच म्हणत, जशी काही भाजीची पिशवी खुंटीवरून काढली. आणि त्या ऑपरेशननंतर ताई बघता बघता म्हातारी झाली. अंगातून आगीचे लोळ उठायचे, भर थंडीत ती पंख्याखाली बसायची. झोप गेली. कातडी सुकली. पाय घसरून नुसता हात टेकला तर मनगट मोडलं, ते जुळलं तर दुसरं मोडलं. कात्री धरणं सुटलं, दुकान सुनेकडं गेलं.

आतडीबाई तिला भेटायला गेली तेव्हा ताई उशीला टेकून बसली होती.

"काढायला सांगतायत," आतडीबाई म्हणाली.

"मग काढ. कटकट गेली. कपड्यांची चिंता नाही, तारखा नाहीत."

"आणि तुझं काय झालं ते?"

"माझं काय झालं? पिशवी गेली की म्हातारपण येतंच. ते का कुणाला चुकलंय? फक्त मला जरा लवकर हाक आली." ताई हसली. "तू निदान पन्नाशीपर्यंत रेट. हात शाबूत ठेव. तुझ्या हातावर घर आहे."

रेट म्हणे. ओंजळी-ओंजळीनं रक्त जात असताना! पण आतडीबाईला ते पटलं, कारण तिला ते पटवून घ्यायचंच होतं. शिवाय पुरावा तिच्या टेबलावर होता. दुसऱ्या दिवशी तिनं फुलदाणी उचलली. गर्भाशयाला धरून ओढलं की नलिका येत, नलिकांना धरून अंडाशयं येत. एकदम, एकाच झटक्यात. आणि अंडाशयं गेली की बाईचं काय होतं हे तिला नमुन्याबरोबर जाणाऱ्या माहितीपत्रकामुळं पाठ होतं. हाडांना जपणारं, कातडी ओलसर ठेवणारं, अंगातली आग आवरणारं संप्रेरक तिथूनच येतं. म्हणजे हिशेब सरळ होता. हे काढलं की ते जातं. ताईचं तेच झालं.

"मी ऑपरेशन करणार नाही," तिनं रात्री जेवताना जाहीर केलं.

"तू म्हणशील तसं," नवरा म्हणाला.

"मी म्हणेन तसंच होणार आहे! तुम्हाला काय वाटतं ते विचारतेय."

बिचाऱ्यानं घास खाली ठेवला. "मला वाटतं, काल तू जिना चढताना मधेच बसलीस. शाळेतली पोरं बसमध्ये अशी बसली तर मी गाडी थांबवतो."

आतडीबाईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. पण हे वाक्य तिला लागलं. मितभाषी माणसाची हीच खोड असते. बोलत नाही, बोलत नाही, आणि बोलतो तेव्हा नेमकं बोट ठेवतो.

पुढच्या वेळी ती डॉक्टरीणबाईंकडं गेली ती एक मोठी पिशवी घेऊन. आत जुन्या चादरीत गुंडाळलेला ओटीपोटाचा नमुना. बाहेर बसलेल्या बायका चुळबुळल्या, कारण चादरीतून हाड डोकावत होतं. आत गेल्यावर तिनं तो टेबलावर ठेवला, रक्तदाबाचं यंत्र बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "यातलं काय काढणार ते दाखवा. तोंडी नको. हातानं."

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "छान केलंत. असं सगळ्यांनी आणलं तर माझा वेळ वाचेल." त्यांनी गर्भाशयाच्या तुकड्याला दोन बोटांनी धरलं आणि वर उचललं. कट्‌ आवाज आला आणि सगळी फुलदाणी, दोन्ही अंडाशयांसकट, त्यांच्या हातात आली.

"अरेच्चा," त्या म्हणाल्या. "हे तर सगळंच हातात आलं."

"तेच तर! येतंच!" आतडीबाई जिंकल्यासारखी बोलली. "म्हणून तर मी नाही म्हणतेय."

"माझ्या हातात नाही येत."

डॉक्टरीणबाईंनी तुकडा उलटासुलटा केला, अंगठ्यानं जोड शोधला. जोड नव्हता. एकसंध ओतलेला.

"हे कुणी बनवलंय?"

"आम्ही. म्हणजे साचा साचेकाकांचा, रंग माझा."

"रंग सुंदर आहे. पण बाई, हे एकत्र का ओतलंय? अंडाशय गर्भाशयाला चिकटलेलं नसतं. एका बारीकशा दोरीनं बांधलेलं असतं, बस्स. त्याचा खरा आधार या बाजूच्या भिंतीकडून येतो. रक्तपुरवठासुद्धा त्याचा बराचसा तिकडूनच, स्वतःचा." त्यांनी नमुन्यातल्या कमरेच्या हाडावर बोट ठेवलं. "मी ती दोरी कापते. गर्भाशय आणि नलिका बाहेर काढते. नलिका ठेवून उपयोग नसतो, उलट पुढं कधी त्यांत कॅन्सरची सुरुवात होऊ शकते, म्हणून काढलेल्या बऱ्या. आणि तुमची दोन्ही अंडाशयं जिथल्या तिथं, भिंतीला टेकून, आपलं काम करत राहतात."

"पाळी न येता?"

"पाळी न येता. बघा, तुमच्या कारखान्यात मालक आहेत ना? ते ऑर्डर देतात, तुम्ही माल तयार करता. अंडाशय म्हणजे मालक. महिन्याच्या पहिल्या अर्ध्यात ते सांगतं, अस्तर जाड करा. मग अंडं बाहेर पडतं. त्या रिकाम्या जागेत एक पिवळा गोळा तयार होतो, तो सांगतो, अस्तर धरून ठेवा, पाहुणा येईल. पाहुणा आला नाही की गोळा सुकतो, हुकूम थांबतो आणि अस्तर गळून पडतं. ती पाळी. आता कारखानाच नसेल तर माल पडणार कुठून? पण मालक ऑर्डरी देत बसतात आपले. आणि त्यांच्या ऑर्डरी हाडांकडं जातात, कातडीकडं जातात, डोक्याकडं जातात. त्या चालू राहतात."

"मालकाला कोण सांगतं?"

"मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे, ती."

"म्हणजे मालकावरही मालक."

"तो कुणाला चुकलाय?"

आतडीबाई खुर्चीत पुढं सरकली. तिचं डोकं आता धडाधड चालायला लागलं होतं. "आणि ते अंडं? नळीच नाही म्हटल्यावर ते जाणार कुठं?"

"पोटातल्या पोटात विरघळून जातं. एवढंसं तर असतं, टाचणीच्या टोकापेक्षा लहान. आणि नळी असतानासुद्धा अंडं थेट नळीत पडत नाहीच. मधे फट असते. नळीच्या तोंडाची ही बोटं हलून हलून त्याला आत ओढतात." त्यांनी ती बोटं निरखली. "हे काय, ही तुम्ही अंडाशयाला चिकटवलीयत?"

"पेटीत घालताना मोडतात."

"खरी मोडत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हलतात." मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि विचारलं, "याच्यावर रेघ मारली तर चालेल?"

एवढ्या वर्षांत कुणी तिच्या वार्निश केलेल्या कामावर पेन टेकवलं नव्हतं. ती म्हणाली, "मारा." डॉक्टरीणबाईंनी नळी आणि अंडाशयाच्या मधून, दोन्ही बाजूंना, एकेक निळी रेघ काढली. "इथं."

आतडीबाई त्या रेघांकडं बघत राहिली. मग एकदम तिचा आवाज चढला. "मग माझ्या ताईची का गेली?"

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "कधी कधी तीही काढावी लागतात. त्यांच्यावर गाठ असेल, घराण्यात कॅन्सर असेल. तुमच्या ताईंचं काय होतं ते मला माहीत नाही. पण काढताना सांगायला हवं होतं, आणि नंतरचं औषध द्यायला हवं होतं. त्यांना घेऊन या. हाडांची तपासणी करू. अजून वेळ गेलेली नाही." जरा थांबून त्यांनी पुढचंही सांगितलं, कारण त्या लपवाछपवी करणाऱ्यांतल्या नव्हत्या. "तुमची पाळी तशी ज्या वयात थांबली असती त्यापेक्षा कदाचित वर्ष-दोन वर्षं आधी अंडाशयं थकतील. पण ती उद्या सकाळी थकणार नाहीत. आणि आत गेल्यावर त्यांच्यावर काही वावगं दिसलं तर काय करायचं, तेही आपण आधी ठरवू. तुमचं ऐकून."

"ठरलं," आतडीबाई म्हणाली. "करा. पण मला आधी एक काम आहे."

तो नमुना तसाच चादरीत गुंडाळून ती कारखान्यात आली, साचेकाकांच्या टेबलावर ठेवला आणि करवतीचं पातं मागितलं. काका काय म्हणतायत ते ऐकायच्या आत तिनं निळ्या रेघेवर पातं टेकवलं. फायबरची भुकटी उडाली. एक अंडाशय टप्‌दिशी टेबलावर पडलं आणि घरंगळत निघालं, ते काकांनी हातानं अडवलं.

"अगं अगं अगं! वेड लागलं का? नवाकोरा पीस!"

"चुकलाय तो. गर्भाशय काढलं तर अंडाशय जागेवर राहायला पाहिजे. कुणा गाढवानं हे एकत्र ओतलं?"

साचेकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की आतडीबाईला वेळीच सावध व्हायला हवं होतं. "कुणा गाढवानं म्हणतेस? आधी अंडाशयं सुटी होती. आठवतं का? शाळांतून हरवायची. मास्तर लोक लिहून पाठवायचे, 'आमची अंडाशये हरवली आहेत, तरी त्वरित पाठवावीत.' आपण आठ-आठ दिवस हसायचो. तेव्हा एक बाई माझ्याकडं आली. नवी नवी प्रमुख झालेली, नाक वर. म्हणाली, 'काका, सगळं एकत्रच ओता की! ना हरवणार, ना मोडणार.'"

आतडीबाईच्या हातातलं पातं थांबलं.

आठवलं. सगळं आठवलं. मालकांनी पाठ थोपटली होती. पहिल्या वर्षी तिला पक्कं माहीत होतं की ही आपली युक्ती आहे. दुसऱ्या वर्षी ती सवय झाली. त्यानंतर केव्हातरी, रोज रोज तो तुकडा हातात घेता घेता, बाईचं शरीरच तसं असतं अशी तिची खात्री पटली. आपणच मारलेली गाठ, आणि आपणच तिला देवानं मारलेली समजून बसलो. या गाठीच्या भरवशावर ती तेवढं सगळं रक्त वाहून जाऊ देत होती.

दुसरी कुणी असती तर डोळ्याला पदर लावून बसली असती. हिनं खुर्ची ओढली. "बरं. गाढव मी. आता ऐका. सुटी केली तर पुन्हा हरवणार, खरं ना?"

"हरवणारच. पोरं गोट्या खेळतात त्यांनी."

"मग ती गर्भाशयाला नकोत आणि सुटीही नकोत. भिंतीला ओता. हाडाच्या भांड्याच्या साच्यातच, या बाजूला एक, त्या बाजूला एक. खरीसुद्धा तिथंच टेकलेली असतात. फुलदाणी उचलली की ती मागं राहतील. आणि नळीची बोटं रबराची करा, चिकटवायची नाहीत. मधे फट दिसू दे."

साचेकाकांनी ते अंडाशय बोटांत फिरवलं, भांड्याच्या भिंतीला लावून पाहिलं. काढलं, पुन्हा लावलं. चांगल्या कारागिराला पटलेलं तोंडावर दिसत नाही, हातावर दिसतं. "भांड्याचा साचा नवा करावा लागेल," ते एवढंच म्हणाले. याचा अर्थ हो.

मालकांचा मात्र नकार होता. ते काचेच्या केबिनमधून बाहेर आले, कापलेला तुकडा पाहिला आणि वैतागले. "बाई, इतकी वर्षं कुणाची तक्रार नाही. शाळेतल्या पोरांना काय फरक पडतो?"

"शाळेतल्या पोरी मोठ्या होतात," आतडीबाई म्हणाली. "मग डॉक्टरकडं जातात. डॉक्टर म्हणतो, हे काढू. आणि त्यांच्या डोळ्यांपुढं आपली फुलदाणी येते."

"असं कुणी नमुना आठवून ऑपरेशन ठरवतं का?"

"मी ठरवलं. मरायला टेकले होते त्यापायी." तिनं ते असं मोठ्यानं सांगितलं की कानांच्या टेबलावरचे दोघे वर बघायला लागले. "मला गाठी आहेत. महिन्यातले आठ-आठ दिवस रक्त थांबत नाही. माझं गर्भाशय काढायचंय. गर्भाशय, मालक. म्हणून बघा एकदा, जीभ झडत नाही."

मालकांची जीभ झडली नाही, पण हललीही नाही. कान लाल झाले. शेवटी साचेकाकांनीच घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा, जरा अडखळत पण स्पष्ट, म्हणाले, "गर्भाशयाचा साचा आहे तसाच चालेल, मालक. भांड्याचा तेवढा बदलतो. मला गुडघ्या-खांद्याच्या सांध्यांच्या कामातून चार दिवस सोडा." मालक म्हणाले, "करा काय करायचं ते," आणि केबिनमध्ये गेले. आतडीबाईनं त्याला होकार मानलं. मानायचं असतं.

ताईला सांगणं त्याहून अवघड गेलं. ताईनं कापलेला तुकडा मांडीवर घेतला, एक अंडाशय चिमटीत धरून बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या?"

"हो."

"आणि मला कुणी विचारलं नाही."

"नाही."

"मी तरी कुठं विचारलं म्हणा." ताईनं ते तिच्या तळहातावर परत ठेवलं. मग नाक ओढून म्हणाली, "आणि तू गं? शरीराची मोठी शहाणी! इतकी वर्षं चुकीचंच रंगवत होतीस?"

"होते."

"बरं वाटलं ऐकून. चल, कधी जायचं त्या तुझ्या डॉक्टरणीकडं? हाडं दाखवायची म्हणालीस ना."

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर आतडीबाईनं पहिला प्रश्न विचारला तो नवऱ्याला नाही, डॉक्टरीणबाईंना. "आहेत ना?" "आहेत. दोन्ही. ठणठणीत," त्या म्हणाल्या. ती पुन्हा झोपली. नवरा बाहेर येऊन ताईला म्हणाला, "मला ओळखलंसुद्धा नाही," पण त्याचा चेहरा उजळला होता.

विश्रांती संपवून ती कामावर आली तेव्हा तिच्या टेबलावर नवा नमुना वाट बघत होता, बिनरंगाचा. काकांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. तिनं तो सावकाश रंगवला. भिंतीला टेकलेली अंडाशयं मोत्यासारखी पांढरी, आणि त्यातल्या एकावर मुद्दाम एक पिवळा ठिपका, पाहुण्याची वाट बघणारा.

पण खरी गोष्ट पुढच्या महिन्यातली. एक दिवस सकाळपासून तिचं डोकं फिरलं होतं. ब्रश धुतले नाहीत म्हणून ती एकावर ओरडली, धुतले म्हणून दुसऱ्यावर. छाती जड आणि दुखरी, कमरेत ओढ. हे आपल्याला काय होतंय असं म्हणता म्हणता ती मधेच थांबली. हे तिच्या ओळखीचं होतं. पंचवीस-तीस वर्षांच्या ओळखीचं. पाळीच्या आधीचं.

"आज बाईंना झालंय काय?" साचेकाका लांबूनच म्हणाले.

"काका, आज माझ्या वाटेला जाऊ नका. दोघी कामावर आल्यात."

"कोण दोघी?"

आतडीबाईनं ब्रशाच्या मागच्या टोकानं नव्या नमुन्यातली दोन्ही अंडाशयं दाखवली. काकांनी पाहिलं, समजले, आणि म्हाताऱ्या गालांवर लाली आणत हसत सुटले. तिनं एका केसाचा ब्रश उचलला, डोळा जवळ ओढला, श्वास रोखला आणि पांढऱ्यावर लाल शीर ओढली. शीर हवी तशी, जराही न हलता, कोपऱ्यापर्यंत गेली.